चिलखतावरचा शिक्का

टोकियोजवळच्या ग्योतोकूत राहणाऱ्या अरुणाताईंना कुठलीही वस्तू उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. यजमान नंदकिशोर बँकेच्या बदलीवर टोकियोला आले, तशा त्याही आल्या. आणि घरी बसवेना म्हणून टोकियोच्या कोतो भागातल्या एका छोट्या खासगी संग्रहालयात साफसफाईच्या बाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला, लागल्या. आठवड्यातले तीन दिवस.

एकदा भूकंपात तिथली कपाटं हलली आणि वस्तूंपुढची नावांची कार्डं जमिनीवर सांडली. म्हाताऱ्या मालकांनी, कुरोदा-सानांनी, ती घाईघाईत परत लावली. तेव्हापासून एका कड्यांच्या चिलखतापुढे 'भारत' असं कार्ड उभं होतं. ते दिसलं मात्र, अरुणाताईंना भरून आलं. मराठी मंडळात त्यांनी सांगूनही टाकलं, "आपल्या एखाद्या सरदाराचं चिलखत आहे हो इथं!" झालं. पुढच्या शिवजयंतीच्या रविवारी चाळीस माणसं यायची ठरली.

दोन दिवस आधी त्या मऊ ब्रशनं चिलखत झटकत होत्या. कडी न् कडी बारीक खिळ्यानं जोडलेली. छातीवरच्या पत्र्याच्या कडेला काहीतरी ठोकलेलं दिसलं. दोन उभ्या रेघा, मध्ये बेचकी. हे काय असेल? मोडी नाही, फारसीही वाटेना. शेजारच्या कपाटात तुर्की शिरस्त्राण होतं. सहज त्यावर टॉर्च मारला, तर तिथेही तोच शिक्का!

कुरोदा-सान जाडजूड पुस्तक घेऊन आले. बराच वेळ पानं उलटून म्हणाले, "हा इस्तंबूलच्या शस्त्रागाराचा शिक्का, अरुणा-सान. कार्ड मी चुकीचं लावलं." आणि इतके खाली वाकले की अरुणाताईच कानकोंड्या झाल्या.

घरी नंदकिशोर म्हणाले, "आता गप्प बस. लोक फोटो काढतील, खूश होऊन जातील. कुणाला कळतंय?"

"अहो, मला कळलंय ना!"

मंडळाचे अध्यक्ष रणजित फोनवर जवळजवळ रडायलाच आले. "ताई, लोकांनी पुण्याहून फेटे मागवलेत! मी काय तोंड दाखवू?"

"तुम्ही नका दाखवू. मी सांगते."

रविवारी फेटे आले, नऊवारी नेसलेल्या मुली आल्या. अरुणाताई चिलखतापुढे उभ्या राहिल्या. "हे मराठ्यांचं नाही," त्या म्हणाल्या, "तुर्कस्तानचं आहे. न तपासता बोलले, चूक माझी."

"मग आलो कशाला इतक्या लांब?" मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघं-तिघं बाहेरही गेले. अरुणाताई मान खाली घालून हातमोजे ओढत राहिल्या.

विद्या नावाची एक इंजिनिअर मात्र काचेला नाक लावून उभी होती. "पण तुर्कस्तानचं इथं आलं कसं?"

"तिथल्या शस्त्रागारातला बराच जुना माल एकदा भंगारात काढला म्हणे. तो युरोपात गेला, आणि हे तिथल्या एका व्यापाऱ्याकडून कुरोदा-सानांच्या आजोबांनी घेतलं."

"भंगारात? हे?" रणजित फेटा सावरत पुढे घुसले. "कुठंय तो शिक्का? ताई, टॉर्च मारा बघू. आणि सरका रे जरा, मागच्यांना दिसत नाहीये!"