व्याह्यांची काळी चार

माझ्या व्याह्यांनी आयुष्यात एकाही माणसाला त्याच्या स्वतःच्या आवाजात गाऊ दिलं नाही. नांदेडपासून लातूरपर्यंत ज्या ज्या मांडवात त्यांची पेटी गेली, त्या त्या मांडवात चांगली शहाणीसुरती माणसं किंचाळली. काहींनी नंतर गाणं सोडलं, काहींनी तो मांडव सोडला. व्याह्यांनी पट्टी मात्र सोडली नाही. त्यांच्याविषयी लातुरात एक गोष्ट अजून हसून सांगितली जाते. ती खोटी आहे. खरी काय ते मला माहीत आहे, आणि आता या वयात ते सांगून टाकलेलं बरं.

पेटीचं शास्त्र मला फारसं कळत नाही, पण एवढं कळतं की प्रत्येक गळ्याचा सा वेगळा असतो. कुणाचा काळी एकला, कुणाचा पांढरी चारला. पेटीवाल्यानं गाणाऱ्याला "कुठून?" असं विचारायचं आणि तो सांगेल तिथून धरायचं, ही साधी रीत. व्याही हा प्रश्न विचारतच नसत. ते काळी चारमधून धरत, कारण त्यांना दुसरीकडून वाजवताच येत नव्हतं. ही पट्टी बायकांची, तीही गळा तयार असलेल्या बायकांची. पुरुषानं तिथून गायचं म्हणजे एक तर वर चढून कोकलायचं, नाही तर खाली उतरून विहिरीत पडल्यासारखं घुमायचं. कुणी भीत भीत म्हणालंच की, "काका, जरा खाली घ्या की," तर उत्तर ठरलेलं: "सूर माणसानं गाठायचा असतो. सूर काय तुमच्या दारी येऊन राहिला का?"

माणूस मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. उभा जन्म दुसऱ्यांच्या बांधांवर साखळी टाकली, त्यामुळे एकदा खुणेचा दगड रोवला की तो हलवायचा नाही, हे अंगात भिनलेलं. सणवार त्यांना सगळे सारखे. गणपतीत वाजवायचे, बसवेश्वर जयंतीला वाजवायचे, ईदला शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा खायला जाताना काखेत पेटी असायचीच. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला त्यांनी एका धिप्पाड पोलीस पाटलांना देशभक्तिपर गीतात साथ केली. झेंडा अर्ध्यावर होता तेव्हा पाटलांचा आवाज टोकाला पोचला होता. पुढे जायला जागाच नव्हती म्हणून पाटलांनी तिथंच सलाम ठोकला. फक्त एका चौदा एप्रिलला, त्यांच्या गल्लीतल्या एका नर्सबाईंनी भीमगीत म्हटलं तेव्हा सगळं जुळून आलं, कारण बाईंचा गळाच मुळी काळी चारचा होता. मैदान डोलायला लागलं. तो दाखला व्याही पुढं कायम देत. "ती बाई कशी गेली? मंग तुम्हालाच काय धाड भरली?"

पेटीला ते शाल पांघरत. सत्कारात मिळालेली स्वतःची शाल, पण थंडीत ती पेटीच्या अंगावर. एसटीत खिडकीची जागा पेटीची. एकदा लातूरला येताना गाडी चाकूरला बंद पडली. व्याह्यांनी स्टँडवरच पेटी उघडली आणि एका अनोळखी भजनी म्हाताऱ्याला गायला लावलं. पुढं त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की मेकॅनिकनं इतक्या झपाट्यानं काम करताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यात मेकॅनिकचा हेतू स्पष्ट दिसत होता.

त्यांची मुलगी माझी सून. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात इतर बाप मुलाचा पगार विचारतात. यांनी विचारलं, "घरात कुणी गातं का?" आणि मी मूर्खासारखा म्हणालो, "मी गातो."

आमच्या लातूरच्या कॉलनीत दिवाळी पहाटेचा कार्यक्रम असतो. सतरंज्या, आकाशकंदील, अंगाला उटण्याचा वास आणि घरोघरच्या चकल्या. पहिलं भक्तिगीत माझं, हा मान मी मास्तर होतो तेव्हापासूनचा. सोयरीक झाली आणि साथीला व्याही आले. त्यानंतर दर दिवाळीला, नवे कपडे घालून, सुनेच्या देखत मी कोकलत आलो. एका वर्षी कडव्याच्या मध्येच मागून कुणी तरी ओरडलं, "मास्तरला पाणी द्या रे!" सगळी कॉलनी हसली. सूनसुद्धा पदराआड हसली. व्याही एवढंच म्हणाले, "इवाई, थोडक्यात हुकलं बघा." आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. त्या दिवशी मी मनात त्यांना दुसरं काही तरी म्हणालो.

पुढच्या दिवाळीला मी त्यांना फोन केला. म्हटलं, सणाची गर्दी आहे, पेटी आणू नका, इथं मिळेल. औशाच्या एका भजनी मंडळाची पेटी मी मागून आणली. ती सरकत्या पट्ट्यांची होती. अशा पेटीत खटका दाबून पट्ट्यांची अख्खी ओळ बाजूला सरकवता येते. बोटं नेहमीच्या जागी पडतात, सूर मात्र दुसराच निघतो. व्याह्यांनी असली पेटी कधी हाताळली नव्हती. पहाटे मांडवात कुणी नसताना मी ती सरकवून ठेवली. त्यांनी काळी चार दाबावी आणि माझ्या गळ्याची काळी दोन वाजावी. ढोलकीवाल्याचा सुराशी तसाही संबंध नव्हता, त्यामुळे तिकडून धोका नव्हता.

खरं सांगतो, पहिल्या दोन ओळी मी असा गायलो की माझं मलाच नवल वाटलं. व्याह्यांच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्यांनी बोटांकडं पाहिलं. बोटं बरोबर जागी. कान म्हणत होते, जागा चुकली. शेवटी त्यांनी कानावर विश्वास ठेवला आणि हात उचलून वर नेला, जिथं काळी चारचा सूर ऐकू येत होता तिथं. पण त्या गल्लीत त्यांची बोटं कधी गेलीच नव्हती. मग जे काही वाजलं त्याला कुठलाच राग म्हणता येणार नाही. मांडव खदखदून हसला. व्याह्यांनी भाता मिटला आणि ते उठले.

लातुरात सांगतात की इवाई चप्पल सोडून पळाले. अजूनही बाजारात एखादा विचारतो, "मास्तर, औंदा इवाई येणार का? वाट मोकळी ठेवतो." ते पळाले नाहीत. ते आधी माझ्याजवळ आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "इवाई, माझे कान गेले वाटतं. तुमचं गाणं इतकं चांगलं चाललं होतं, मीच नासवलं. माफी करा." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

त्यांनी वाजवणं बंद केलं. गणपतीला बोलवायला आलेल्या पोरांना दारातूनच परत पाठवलं. सून काळजीत पडली, म्हणाली, "आप्पा बोलतच न्हाईत हो. तुम्ही एकदा जाऊन या." म्हणून मी नांदेडला गेलो आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून शिट्या ऐकवतात, ती तपासणी झाली. व्याही आत होते, मी बाहेर त्यांच्या चपलांशेजारी बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. व्याही बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, "मशीन बाद हाय त्याचं. शेवटची शिट्टी काळी चारच्या जराशी वर होती, आन् त्याला ठाऊकच न्हाई." इतका तयार कान असलेला माणूस स्वतःला बहिरा समजून रिक्षात बसला, आणि मी त्याच्या शेजारी बसलो. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मी वरबाप होतो, मास्तर होतो, आणि कॉलनीत माझ्या त्या दोन ओळींची अजून तारीफ चालली होती.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्याकडे गेलो. खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. मोजणीची जुनी साखळी आणि तिच्याशेजारी पेटी पाटावर मांडलेली होती. दोन्हींवर झेंडूची फुलं होती. "पूजेपुरती काढली," व्याही म्हणाले. "आता देऊन टाकावी म्हणतो एखाद्या मंडळाला." मी हातातली आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणालो, "इवाई, तुमचे कान शाबूत आहेत. मी सरकवलं होतं."

"काय सरकवलं?"

"पेटीच्या पट्ट्या. त्या पेटीच्या सरकतात. तुम्ही काळी चार दाबली, वाजली काळी दोन."

त्यांनी पानं डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताची बोटं बघितली. "म्हंजे बोट बरोबर पडलं होतं?"

"बरोबर."

"आन् खाली ऐकू आलं, ते बी बरोबर?"

"तेही बरोबर."

"मंग डॉक्टरकडं माझ्यासंगं कशाला आलता? चपला राखायला?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून विहीणबाई म्हणाल्या, "तरीच. तरीच माझा गळा पोचून राहिला होता."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. विहीणबाई एके काळी गात असत, हे मी ऐकून होतो. महालक्ष्म्यांच्या जागरणाला त्यांना लांबून बोलावणी यायची. पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज खाली उतरला आणि गाणं सुटलं. "बायकांत बसून मी बी म्हणत होते की त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "दोनच ओळी. तुम्ही थांबलात, मंग मी बी थांबले."

"तू म्हणत होतीस?" व्याह्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मला कसं ऐकू आलं न्हाई?"

"तुम्ही बोटं बघून राहिले होते." मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "हे पेटी माझ्यापायी शिकले, भाऊ. लग्नानंतर. माझी काळी चार, म्हणून ह्यांची काळी चार. ऑपरेशननंतर कितीदा म्हणले, आता खाली घ्या. ऐकलं असंल तर शपथ."

व्याही पानं पाटावर ठेवत म्हणाले, "खाली घेतली असती तर तुला वाटलं असतं, हा आता वाट बघत न्हाई."

ज्या पट्टीला मी इतकी वर्षं हसलो आणि जिच्यापायी माझंही हसं झालं, ती रिकामी ठेवलेली जागा होती. आम्ही सगळे उगीच तिथं चढत होतो.

मी म्हणालो, औशाची ती सरकती पेटी आणून देतो, बोटं तीच राहतील. व्याही ताडकन म्हणाले, "सरकवासरकवी तुम्हीच करा. मी बोटांनी शिकतो." आणि या वयात, शाळेतल्या पोरासारखे, ते काळी दोन शिकायला बसले. यंदाच्या दिवाळी पहाटेला ते आले नाहीत. मी माईकवरून त्या पेटीची हकीकत सांगितली. लोक हसले. यावेळी माझ्यावर हसले. माझं गाणं मात्र मी म्हटलं नाही.

आता दुपारी कधी कधी त्यांचा फोन येतो. ते बोलत नाहीत, फोन पेटीशेजारी ठेवून वाजवायला लागतात. इतकं बेसूर मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही, आणि ते मी त्यांना सांगतो. ते मला शिव्या देतात. काल वाजवता वाजवता मध्येच थांबले. जो प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता तो विचारताना मी त्यांना ऐकलं. मला नव्हे, आतल्या खोलीकडं तोंड करून: "अगं, कुठून धरू?"

"अजून जरा खाली. गळा आणखी उतरला," विहीणबाई म्हणाल्या.

काळी दोन नुकती कुठं बोटात बसत होती. तरी पलीकडून भाता हलल्याचा आवाज आला.