नसलेली आठ पानं

ज्या पुस्तकाचं नाव मला ठाऊक नाही, ते पुस्तक मी सहा महिने शोधत होते. नाव ठाऊक नाही, कारण ते माझ्या हाती आलं तेव्हाच त्याचं कव्हर गेलेलं होतं आणि आतलं नावाचं पानही. खरं तर पुस्तकही मला नको होतं. त्यात नसलेली आठ पानं हवी होती. ती माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, एका रविवारी इंदापूरच्या वाचनालयात तीसेक पोरांसमोर मोठ्यानं वाचली होती. अक्का जाऊन आता सात महिने झाले.

पुस्तकात नसलेलं वाचता कसं येतं, हे सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

नव्वद सालानंतरची ती पहिली वर्षं. मी नऊ वर्षांची, अक्का तेरा. होळी झाली की शाळा सकाळची व्हायची. अकरा वाजता घरी यायचो तेव्हा पत्रा तापलेला असायचा आणि पुढचा सगळा दिवस मोकळा. वाचनालय एरवी संध्याकाळी उघडायचं, पण या दोन महिन्यांत तिथले ग्रंथपाल दुपारी फक्त पोरांसाठी दार उघडत. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, दाराशी कडुनिंब. चैत्रात त्याला मोहर आला की त्या बारक्या पांढऱ्या फुलांचा सडा उंबऱ्यापर्यंत यायचा. फरशी इतकी गार असायची की आधी सगळे पालथे पडून पोट गार करून घ्यायचे आणि मग पुस्तक मागायचे.

तात्या नुसतं वाचायला देत नसत. आठवड्यातून एक दिवस पुस्तकांचा दवाखाना असायचा. ते स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवत, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत आणि ती आम्हाला वाटून देत. फाटलेली पानं चिकटवायची, सुटलेली शिवायची. हात निळसर व्हायचे. “बोटं तोंडात घालू नका, न्हायतर तुमालाच शिवावं लागंल,” असं ते दर वेळी म्हणत आणि दर वेळी आम्ही हसायचो.

पोरांची पुस्तकं एका कपाटाएवढीच होती, तीही फाल्गुनातच वाचून संपत. म्हणून तात्यांनी बारामतीच्या वाचनालयाशी बोलून ठेवलं होतं. दर मार्चला बारामतीहून एसटीच्या टपावरून पत्र्याची एक ट्रंक यायची आणि मे महिन्यात परत जायची. ती स्टँडवरून आणायला आम्ही दहा-बारा जण जायचो. बारामती माझ्यासाठी तेव्हा त्या ट्रंकेच्या आत होती. पुढं अक्का लग्न होऊन तिथं गेली, एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात कामाला लागली, मीही तिथल्याच शाळेत शिकवू लागले. पण बारामती म्हटलं की मला अजून त्या ट्रंकेतला जुन्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास येतो.

जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतली मोठी माणसं विहारात सलग अठरा तास वाचत बसायची. आमचे वडील पाटबंधारे खात्यात शिपाई होते. साहेबाची फाईल उचलणारा हा माणूस त्या दिवशी स्वतः पुस्तक उघडून मांडी ठोकून बसायचा, आणि त्याला कुणी उठवायचं नाही. अक्काला हे फार आवडायचं. त्या वर्षी तिनं तात्यांना गाठलंच.

“तात्या, आमच्याकडं जयंतीला अठरा तास वाचत्यात. पोरांचं बी ठेवा की.”

“अठरा तास? तुमी अठरा मिनिटं गप बसत न्हाय.”

“गप कुठं बसायचंय? मोठ्यानंच वाचायचं हाय.”

तात्या हसले. चौदा एप्रिलच्या आधीचा रविवार ठरला. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, तेवढंच. नियम तात्यांनी केले. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दर पंधरा मिनिटांनी गजर होईल, मग पुढच्यानं घ्यायचं. पण आवाज थांबता कामा नये. वाचणाऱ्यानं ओळीवर बोट ठेवायचं, पुढच्याचं बोट त्याच ओळीवर टेकेपर्यंत ते उचलायचं नाही. “बोट उचललं की वाचन तुटलं,” तात्या म्हणाले. “तुटलं की संपलं. सगळ्यांनी घरी जायचं.”

त्या दिवशी सकाळपासून सगळं छान चाललं. जेवायलाही पाळीपाळीनं गेले सगळे. दुपारी ट्रंकेतलं ते कव्हर नसलेलं पुस्तक निघालं. आमच्या पुस्तकांच्या दवाखान्यातून ते अजून गेलेलं नव्हतं. त्यात एका मुलीची गोष्ट होती. तिचा बाप तुरुंगात होता आणि त्यानं राजाला लिहिलेलं पत्र घेऊन ती एका डोळ्यानं अधू असलेल्या म्हाताऱ्या उंटाबरोबर वाळवंटातून निघाली होती. उंट सगळ्यांना आवडला. झोपलेली पोरंही उठून बसली. तीनच्या सुमारास आमच्या वस्तीतल्या बायका पन्ह्याची कळशी घेऊन आल्या. त्यांच्यात आमची आई होती. शाळा तिनं पाहिली नव्हती. पन्हं देऊन जायचं होतं, पण त्या दाराशीच टेकल्या. “उंटाचं हुतंय तरी काय, बघू,” आई म्हणाली.

वाचत होती अक्का. तिच्यानंतर माझी पाळी, म्हणून मी तिला चिकटून बसले होते. चौसष्टाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर तिचं बोट आलं. ती ओळ अशी होती: ‘मुलीने पोहरा विहिरीत सोडला, पण दोर पाण्यापर्यंत’. समोरचं पान त्र्याहत्तरावं होतं. मधली आठ पानं गेलेली होती. त्र्याहत्तराव्या पानाची पहिली ओळ मला अजून पाठ आहे: ‘म्हणून राजाच्या दारात ती एकटीच उभी होती.’

मी ते पाहिलं. आता वाचन तुटणार.

“दोर पाण्यापर्यंत,” अक्का म्हणाली. तिनं एकदाच श्वास घेतला. “दोर पाण्यापर्यंत पोचेना.”

आणि ती वाचतच राहिली. तिचं बोट चौसष्टाव्या पानावर खाली आलं की पुन्हा वर जायचं. मध्येच तिनं ते पान उचलून उलटल्याचा आवाज केला आणि पुन्हा तिथंच ठेवलं. विहिरीवर बायका आल्या असं काहीतरी ती सांगत होती. तेवढ्यात समोर बसलेला एका बागायतदाराचा पोरगा म्हणाला, “वाळवंटात बाया कुठनं आल्या गं?”

अक्कानं मान वर केली नाही. त्याच वाचायच्या आवाजात ती म्हणाली, “तेव्हा एका आगाऊ पोराने विचारले, वाळवंटात बाया कुठून आल्या? त्यावर म्हातारी म्हणाली, विहीर आहे तिथे बाया असणारच. पाणी काय बाप्ये भरतात?”

दाराशी बसलेल्या बायका खळखळून हसल्या. “बराबर लिवलंय गं बाई,” त्यातली एक म्हणाली.

एवढंच मला आठवतं. नंतरचं मी ऐकलंच नाही. मी फक्त तिच्या बोटाकडं बघत होते. गजर झाला. नियमाप्रमाणं माझं बोट मी तिच्या बोटाशेजारी ठेवलं, पण ते त्या पानावर ठेवून मी वाचणार काय? मला कुठं असं तोंडचं सांगता येत होतं? अक्कानं बोट उचललं नाही.

“वेळ झाली! अक्का, वेळ झाली!” पोरं ओरडली. “चिटिंग हाय ही!”

ती आवाज चढवून पुढं सांगत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग तिनं माझं बोट आपल्या बोटाखाली दाबलं, तसंच ओढून समोरच्या पानाच्या पहिल्या ओळीवर नेलं आणि हळूच म्हणाली, “हितनं.” मी वाचलं, “म्हणून राजाच्या दारात ती एकटीच उभी होती.” वाचन तुटलं नाही. दिवेलागणीपर्यंत चाललं.

सगळे गेल्यावर तात्यांनी अक्काला बोलावलं. “पोरी, एकच पान इतका वेळ वाचताना आज पयल्यांदा बघितलं.” अक्कानं मान खाली घातली. “आता असं कर,” ते म्हणाले, “ती आठ पानं लिहून दे. मी आत शिवून टाकतो. बारामतीवाल्यांना कळायचं बी न्हाय.”

“व्हय तात्या,” अक्का म्हणाली. पण परीक्षा आली, मग आम्ही मामाकडं गेलो, आणि मे महिन्यात ट्रंक परत गेली.

गेल्या वर्षी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले असताना मी तिला विचारलं, पाणी वर कसं आलं आणि उंटाचं काय झालं? राजाच्या दारात मुलगी एकटी होती, म्हणजे उंटाचं काहीतरी झालेलं असणारच. ती हसली. “मला कुठं आठवतंय? तोंडाला आलं ते बोलले.” थोड्या वेळानं म्हणाली, “मारला नव्हता मी त्याला, एवढं नक्की. आठवलं की सांगते.” त्यानंतर तिला फार बोलवत नव्हतं.

ती गेल्यावर मी बारामतीच्या वाचनालयात गेले. नाव नसलेलं पुस्तक कसं मागणार? तिथल्या मुलीनं बिचारीनं जुनी रजिस्टरं काढून दिली. मी शेवटी कपाटंच्या कपाटं हातानं पाहिली. इंदापुरात तात्या कधीच गेलेले. त्या दिवशीची पोरं दोन-तीन भेटली. एकाला पन्हं आठवत होतं. त्या आगाऊ पोराच्या डोक्यावर आता केस नाहीत. तो म्हणाला, “मला बोलली हुती ती, पुस्तकात घालून बोलली. बाकी काय ध्यानात न्हाय.”

आईला विचारावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पुस्तकाचा शोध आणि आई, या दोन गोष्टी मी कधी एकत्र धरल्याच नव्हत्या.

या चैत्रात मी इंदापूरला गेले. अक्काची मुलगी शाळेला सुट्टी म्हणून आजीकडं आलेली. गच्चीवर आई कुरडया घालत होती आणि कावळे हाकलायला नातीला बसवलं होतं. ती कंटाळू नये म्हणून आई गोष्ट सांगत होती. मी जिन्यातच होते, तेव्हा कानावर आलं:

“मग त्या सात जनी म्हनल्या, आमच्या हरेकीकडं दोर हाय, पर एकीचा बी पुरत न्हाय. मग सातींनी आपापले दोर जोडले. म्हातारी म्हनली, सुरगाठ मारू नगा गं, वझ्यानं सुटंल. निरगाठ मारा.”

मी पायरीवर बसले.

“आणि उंट, आजी?”

“उंट दमलेला. डोळ्यानं अधू. बाया म्हनल्या, पोरी, ह्याला हितं ठिव, तू म्होरं जा. परत येशील तवा घिऊन जा. पोरगी म्हनली, आन मी आलेच न्हाय तर? म्हातारी म्हनली, तू न्हाय आलीस तरी ह्याला आमी पानी पाजू की.”

सुरगाठ आणि निरगाठ आम्हाला आईनंच शिकवली होती, आडावर, पोहरा बांधताना.

मी वर गेले. “आई, ही गोष्ट कुठली?”

“मी काय वाचतीया व्हय? पुस्तकातली हाय. अक्कानं वाचली हुती नव्हं का वाचनालयात? तू बी हुतीस की.”

मला वाटलं, सांगू नये. इतकी वर्षं तिनं छापील म्हणून सांभाळलेलं. पण मग ते तिच्या लेकीचं आहे हे तिला कधीच कळलं नसतं. मी म्हटलं, “आई, हे पुस्तकात नव्हतं. पानं गेली होती. अक्कानं मनानं सांगितलं.”

सोऱ्या तिच्या हातात तसाच राहिला. कुरडईचं अर्धं वेटोळं अंथरलेल्या साडीवर पडलेलं.

“समदं?”

“विहिरीपासून राजाच्या दारापर्यंत. सगळं.”

“तरीच,” ती म्हणाली. “मी म्हनायचे, राजाच्या गोष्टीत आमच्यावानी बाया कशा काय आल्या.” तिनं सोऱ्या परातीत ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि नातीला म्हणाली, “जा, तुझी वही आन. मावशीला दे.”

मग तिनं पहिल्यापासून सांगितलं, हळू, मला लिहिता येईल असं. मी बोट टेकवत बसले नाही, पण मधे एकदाही तिला थांबू दिलं नाही. सातजणींचे दोर, निरगाठी, वर आलेलं पाणी, आधी उंटाला पाजलेला पोहरा. मुलगी निघाली आणि तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा उंट बायकांच्या घोळक्यात होता.

“हितंवर,” आई म्हणाली. “ह्याच्या म्होरं तू वाचलंस.”

मी खाली लिहिलं: म्हणून राजाच्या दारात ती एकटीच उभी होती.