पिस्तुलासाठी ओळखीची माणसं

बंदुकीच्या क्लबात बंदुका कमीच वाजतात. बाकी सगळा वेळ माणसं थांबलेली असतात. कोणी टार्गेटचा कागद बदलायला पुढे गेलं, की इतरांनी हत्यार खाली ठेवायचं आणि तो परत येईपर्यंत मागे उभं राहायचं. उभं राहून करणार काय? बोलायचं. किस्से तिथेच साठतात. आता मी इथल्या महाराष्ट्र मंडळात चहाच्या वेळी तोंड उघडलं की बायका प्लेट घेऊन जवळ येतात. पूर्वी प्लेट घेऊन दुसरीकडे जायच्या, ते जाऊ दे.

मी तिथे गेलेच कशाला, ते आधी सांगते. कोल्हापूरला कॉलेजात मी एनसीसीत होते, रायफल बरी चालवायचे. मग लग्न, मॅसॅच्युसेट्स, मुलगा, नोकरी. मुलगा कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला गेला, मी रिटायर झाले, आणि पाठोपाठ आमचे हे गेले. त्यानंतर शनिवार-रविवारी घर नुसतं खायला उठायचं. एक दिवस मनात आलं, नेमबाजी पुन्हा सुरू करावी, एक छोटं टार्गेट पिस्तूल घ्यावं. पोलीस स्टेशनात गेले. तेव्हा आमच्या गावात नियम होता: नेमबाजीसाठी हॅन्डगनचं लायसन्स हवं, तर आधी एखाद्या क्लबचं मेंबर व्हा, शिवाय तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या कुणाचं तरी पत्र आणा. क्लबात गेले, तर ते म्हणाले, आमच्या दोन मेंबरांनी तुमच्यासाठी सही करायला हवी.

म्हणजे पैसे होते, नेम होता, फक्त मला ओळखणारी माणसं नव्हती. वीसेक वर्षं याच गावात काढलेली! पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी नावं आठवत होते आणि मला रडू आलं. मग म्हटलं, रडून सही मिळत नाही, चला.

* * *

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, आर यू ओके?"

मी म्हटलं, "मला शनिवारी कुठेतरी जायचंय."

"देन गो टू द लायब्ररी!"

"लायब्ररीत बोलू देत नाहीत रे."

त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला ऑनलाइन एक क्लास बुक करून दिला, स्विमिंग पूलमध्ये उभं राहून हातपाय हलवायचा. मी गेलेही. तिथे सगळ्याजणी मैत्रिणींबरोबर आलेल्या. मी एकटीच गळ्याएवढ्या पाण्यात उभी. कॅन्सल केला.

* * *

पत्रासाठी मंडळातल्या शुभदाला विचारलं. ती म्हणाली, "मी तुला ओळखते गं, पण बंदुकीइतकी नाही ओळखत."

शेवटी कुलकर्णीकाका तयार झाले. वय ऐंशीच्या घरात, सगळ्यांचेच काका. आयुष्यभर त्यांनी लोकांची लग्नं जुळवली, त्यामुळे पत्र म्हटलं की त्यांच्या हाताला एकच सवय. त्यांनी लिहून दिलं, की ही मनमिळाऊ आहे, निर्व्यसनी आहे, घराणं चांगलं, स्वयंपाक उत्तम करते. मी वाचलंच नाही, तसंच नेऊन दिलं.

पोलीस ऑफिसरने काकांना फोन लावला. काकांनी नंतर मला मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. ऑफिसर म्हणाला, "त्या स्वयंपाक उत्तम करतात हे कळलं. तुम्ही त्यांच्याकडे शेवटचं कधी जेवलात?"

काका खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "त्यांचे मिस्टर होते तेव्हा."

* * *

क्लबात नवीन माणसाला आधी मीटिंगला हजेरी लावावी लागते, मग एक दिवस श्रमदान. मी टार्गेटच्या लाकडी चौकटी रंगवल्या. मीटिंगला चिवडा नेला, तो संपला, पण सहीला कोणी पुढे येईना. शेवटी वॉल्टर उठला. वॉल्टर म्हणजे क्लबचा सेफ्टी ऑफिसर, उंचच्या उंच, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा. म्हणाला, "रविवारी मी आणि रोझ तुमच्या घरी कॉफीला येतो." रोझ क्लबचीच दुसरी मेंबर, पूर्वी स्कूल बस चालवायची. क्लबची जुनी पद्धत होती, ज्याच्यासाठी सही करायची त्याच्या घरी जाऊन बसायचं, घर आणि माणूस बघायचा.

आता "बघायला येणार" म्हटल्यावर मी काय करणार? पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी. साडी नेसले. ती दोघं आपापल्या घरून जेवून आली होती, बिचारी. तरी रोझने तीन पोळ्या खाल्ल्या. वॉल्टर एका पोळीवर थांबायला बघत होता, तर मी त्याला म्हटलं, "एवढ्याने काय होतंय?" त्याने मुकाट्याने दुसरी घेतली.

मग त्याने विचारलं, "पिस्तूल कुठे ठेवणार?"

मी थाटात सांगितलं, "तांदळाच्या डब्यात. खाली तळाला. चोर तिथे बघतच नाही." आमच्याकडे पिढ्यानपिढ्या दागिने तिथेच असायचे.

वॉल्टरने डोळे मिटले. रोझ हसता हसता ठसका लागून बाथरूममध्ये पळाली. तो म्हणाला, "मॅडम, तिजोरी घ्या. कुलपाची. मग सही करतो."

जाताना दारात त्याने आणखी एक विचारलं. "इथे तुमच्याबरोबर कोण जेवतं?"

मी म्हटलं, "टीव्ही."

तो मान हलवून पायऱ्या उतरला. पण तिजोरी आली, सह्या झाल्या, लायसन्स मिळालं, पिस्तूल आलं, आणि तेव्हापासून दर बुधवारी रोझ माझ्याकडे जेवायला येते. कोणी ठरवलं, ते मला आजतागायत माहीत नाही.

* * *

पहिला दसरा आला. शस्त्राची पूजा करायलाच हवी. पिस्तूल रिकामं करून पाटावर ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. नमस्कार करताना जरा भरूनही आलं, कारण दरवर्षी आमचे हे ड्रिल मशीनची पूजा करायचे आणि मी हसायचे.

शनिवारी रेंजवर वॉल्टरने तपासायला पिस्तूल हातात घेतलं आणि लाल झालेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिला. "हा गंज आहे का?"

मी म्हटलं, "पूजा केली."

सगळी लाइन थांबली. मी सगळं समजावून सांगितलं, की वर्षभर ज्यावर भिस्त, त्याला एक दिवस हात जोडायचे. वॉल्टरने ऐकून घेतलं, नळी पुसून दिली आणि नियमांच्या बोर्डवर खडूने लिहिलं: हत्यारावर कोणत्याही प्रकारची पावडर लावू नये.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी रोझ हळद-कुंकवाची पुडी मागायला आली. तिला तिच्या गाडीची पूजा करायची होती.

* * *

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डॅन नावाचा प्लंबर आहे आमच्यात, गडगडाटी हसणारा. त्याची बायको मुलांना घेऊन निघून गेली. त्याच आठवड्यात रोझ गाडी काढून त्याच्याकडे गेली. म्हणाली, "तुझ्या बंदुका साफ करायला झाल्यात, दे इकडे." सगळ्या घेऊन आली. उन्हाळा संपता संपता परत दिल्या.

मी आपली सगळ्यांदेखत विचारायला गेले, "इतके महिने कसली साफसफाई? मी संध्याकाळी एका तासात करते."

डॅन बुटांकडे बघत होता. वॉल्टरने मला बाजूला नेलं आणि म्हणाला, "आम्ही सही करतो ती नुसती आत घेण्यासाठी नाही. माणूस एकटा पडला, की त्याच्या हाताशी हत्यार नको; सही करणाऱ्याने जायचं, हत्यारं आपल्याकडे आणून ठेवायची. त्याने परत मागेपर्यंत नाही, तो सावरला असं आपल्याला वाटेपर्यंत. कारण काहीही सांगायचं."

घरी आल्यावर मला आठवलं. हे गेले तेव्हा माझ्या घरी किती माणसं आली होती. डबे आले, फुलं आली. तेराव्यानंतर कोणी फिरकलं नाही. त्याचा मला राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही. उगाच मोठेपणा कशाला सांगू?

* * *

आता हा शेवटचा. हा मी मंडळात सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात वॉल्टरची बायको मॅरियन गेली. क्लबातले सगळे फ्यूनरलला गेलो. वॉल्टर सगळ्यांशी नीट बोलला, हात मिळवले, कॉफी हवी का विचारलं. त्याच्यासाठी पूर्वी ज्या दोघांनी सही केली होती, ते कधीच वारले होते. आणि सेफ्टी ऑफिसरच्या घरी जाऊन बंदुका मागायच्या कोणी? कुणाचीच हिंमत झाली नाही. माझीही नाही.

काही दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, दाराची बेल वाजली. वॉल्टर उभा होता. दोन्ही हातांत बंद पेट्या, मागे गाडीत आणखी. "तुमच्या तिजोरीत जागा आहे का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "करू." मग राहवलं नाही, म्हणून विचारलं, "पण रोझ तुम्हाला किती वर्षांपासून ओळखते. माझ्याकडे का आणल्यात?"

तो तसाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, "रोझ विचारते, बरा आहेस ना? मी हो म्हणतो. सगळे तेच विचारतात, मी सगळ्यांना हो म्हणतो. तुम्ही ते विचारत नाही. तुम्ही दुसरं काहीतरी विचारता."

मी पेट्या त्याच्या हातातून घेतल्या, खाली ठेवल्या आणि विचारलं, "जेवलात का?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"मंगळवारी," तो म्हणाला.