हिरडीचे टाके

लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला आले तेव्हा माझी दाढ दुखत होती. सासूबाईंनी गुडाखूची डबी पुढे केली. "लाव थोडं, ठणका बसते." तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा मी हिरडीवर घासला आणि मग रोजच घासत राहिले. घरातल्या सगळ्याच बाया घासायच्या. पोरीचं लग्न जमवायची वेळ आली तोवर माझा खालचा समोरचा दात हलायला लागला होता.

बुढापारा मोहल्ल्यातली दातांची डॉक्टरीण वयाने लहान, पण नीट समजावून सांगणारी. हिरडी चिरून पदरासारखी बाजूला करायची, आतलं हाड झिजलंय तिथे हाडाची भुकटी भरायची, वर पातळ पडदा ठेवायचा आणि हिरडी पुन्हा त्यावर ओढून शिवायची. शिवून झाल्यावर ती म्हणाली, "आंटी, टांकों पर खिंचाव नहीं आना चाहिए. खुल गए तो सब बेकार. बात भी कम करना."

गुडाखू मी त्याआधीच सोडली होती. टाके अजून ओले होते, तेवढ्यात बिलासपूरच्या लोकांचा फोन आला, पोरीला पाहायला येतो म्हणून. मी ओठ न हलवता ह्यांना म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बोलवा ना."

"काहून? तुले थोडीच पाहून राहिले ते? चुपचाप बस."

पोरीच्या आईला चुपचाप बसता येत नाही. मुलाची आई काही विचारायची, मी मान हलवायची. तिचा चेहरा उतरायला लागला तशी मी बोलले. हसलेसुद्धा. पसंती झाली तेव्हा तिने ताटातली खुरमी उचलली आणि माझ्या तोंडाशी धरली. घरचीच खुरमी, गूळ-कणकेची, तळून कडक झालेली. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"घे न," हे म्हणाले.

मी चावली. तोंडात रक्त आलं. त्यांची गाडी निघेपर्यंत मी ते गिळत राहिले.

डॉक्टरीण रागावली नाही. हिरडी मागे सरकली होती, भुकटी निघून गेली होती. पुढे तो दात काढावाच लागला.

"मम्मी, आपने मना क्यों नहीं किया?" पोरीने विचारलं. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "एक दातच त गेला. पोरीचं त जमलं."

लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी तोंड मिटून उभी आहे. विहीणबाई कौतुकाने म्हणतात, तुम्ही किती शांत आहात.