रतनमहाराजांची समाधी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगतो. कबूल करूनही लोक हसतातच, तो भाग वेगळा!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जो तो आपापल्या गावाचा इतिहास शोधत होता. माझी पत्नी जाऊन वर्ष होत आलं होतं. संध्याकाळी घरात बसवत नसे, म्हणून पांढरकवड्याहून सायकल काढायची आणि रानाच्या वाटेनं जायचं. अशाच एका संध्याकाळी बंजाऱ्यांच्या तांड्याजवळ मला एक समाधी दिसली. दगडी चौथरा, शेंदूर, वर ताजी फुलं. तांड्याचे म्हातारे नाईक, हरसिंग, शेजारीच बसले होते.

"नाईक, कोणाची हो ही?"

"रतनची, मास्तर. आमच्या आज्याच्या वक्ताचा. तो पुढं, सारा तांडा मांगं. तो जिथं बसला, तिथंच मुक्काम! गळ्यात घुंगरं. बाया पाया पडत त्याच्या."

आता सांगा, यात आणखी विचारायचं काय उरलं? अडाणी माणूस विचारतो. विद्वान अनुमान काढतो. घुंगरं म्हणजे कीर्तन. कीर्तन म्हणजे अभंग. अभंग एकही सापडेना, तेव्हा ते 'काळाच्या उदरात गडप' झाले! चौदा पानांचा लेख झाला : 'रतनमहाराज : एक उपेक्षित संतकवी'. त्या अख्ख्या वर्षात माझ्या हातून झालेली ती एकच गोष्ट. जिवापाड जपत होतो हो तिला.

लेख छापून आला आणि आमच्या साहित्य मंडळानं ठरवलं, यंदाचं शिबिर समाधीपाशीच! तीन राहुट्या, एक स्टोव्ह आणि बावीस साहित्यिक. वाटेत एक हेमाडपंती देऊळ आणि एक पडकी गढी पाहिली; पण खरी ओढ महाराजांची.

अध्यक्ष नागपूरचे प्राध्यापक. चौथऱ्यासमोर डोळे मिटून म्हणाले, "माझ्या आजीच्या तोंडी महाराजांचे अभंग असत!"

मी दचकलो. कोणते अभंग? तोवर दोन कवींनी आपल्यावरचा महाराजांचा प्रभाव जाहीर मान्य केला होता.

मग अध्यक्षांचं भाषण. "ते आयुष्यभर चालत राहिले. स्वतःसाठी काही मागितलं नाही. सारं मुकाट्यानं सोसलं!"

"खरं हाय जी, खरं हाय!" हरसिंग नाईक पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. सारा तांडा जमला होता. शहरची माणसं आपल्या रतनसाठी एवढ्या दुरून आली, याचं त्या म्हाताऱ्याला कोण कौतुक!

अध्यक्ष गहिवरले. "महाराजांचे कोणी वंशज आहेत का?"

"त्याले लेकरं कुठचे जी? पन बहिनीचा वंश हाय."

"ब्रह्मचारी!" अध्यक्षांनी हात जोडले. "आणा त्यांना. आपण शाल-श्रीफळ देऊ."

नाईक लगबगीनं गेले. आम्ही रांगेत उभे राहिलो. अध्यक्षांनी शालीची घडी मोडली.

घुंगरं वाजली. नाईक आले. सोबत कवड्यांची झूल घातलेला, शिंगं रंगवलेला, पांढराशुभ्र बैल!

"हा घ्या जी वंशज!"

अध्यक्षांची शाल हवेतच. ते माझ्या कानाशी फुसफुसले, "मास्तर, हे काय?"

चौदा पानं डोळ्यांसमोर एकेक करून वाऱ्यावर उडून चालली होती. 'महाराज' म्हणजे मीठ-धान्याच्या गोण्या वाहणाऱ्या तांड्याचा म्होरक्या बैल! त्याच्या पाठीवर कधी ओझं घालत नसत, त्याची पूजा करत. आणि म्हातारा तर डोळ्यांत पाणी आणून शालीची वाट पाहत होता.

मी अध्यक्षांच्या हातातली शाल घेतली आणि वंशजाच्या पाठीवर घातली. तांड्यानं टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या कवींनीही वाजवल्या. इलाज काय होता?

मग नाईकांना बाजूला घेतलं. "अहो, बैल होता हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? मी म्हनलं, मास्तर शिकले-सवरले, त्याहिले मालूम असंन." त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "पन एक सांगतो, मास्तर. लई रानं तुडवली रतननं. मांगच्या मानसाईले त्यानं कधी भलतीकडं नाही नेलं."

मी मागे वळून पाहिलं. धुळीनं माखलेले बावीस साहित्यिक माझ्याकडेच बघत होते. त्यांना इथवर आणणारा म्होरक्या मी!