धडधाकटाची गोळी

राधानगरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडी संपली की ओढा, ओढ्यापलीकडं बयाबाईचं एकटं छप्पर, आणि छपराच्या पाठीला जंगल टेकलेलं. नव्या माणसानं वाट विचारली तर आम्ही सांगायचो, "बयाबाईच्या कुत्रीनं अडवलं की समजा, माणसांची वस्ती सरली."

बयाबाईचा नवरा आकाराम माझा जिवाभावाचा दोस्त. फांद्या तोडताना झाडावरून पडून गेला. पोरबाळ नाही. तो दोस्त म्हणून ती माझी वैनी आणि मी तिचा केरबा भाऊजी. माझं शेत तिच्या छपराच्या खालीच होतं. तिनं वर भांडं आपटलं तरी मला खाली ऐकू यायचं, म्हणून ही सगळी हकीकत मला ठाऊक.

आकाराम गेल्यावर तिचा भाऊ गुंडू तिला मुरगूडला घेऊन गेला. त्याचं तिथं बाजारात दुकान. माणूस वाईट नव्हता, पण घर त्याच्या बायकोच्या, धोंडुबाईच्या हातात. त्या पावसाळ्यात गुंडूला ताप आला आणि बयाबाईलाही आला. डॉक्टरनं औषधाची बाटली दिली. ती गुंडूच्या उशाला. बयाबाई मागच्या पडवीत पोत्यावर पडलेली. तिनं आतलं बोलणं ऐकलं. धोंडुबाई म्हणत होती, "कमावत्याला आदी. रांडमुंड बाईला काय हुतंय?" बयाबाई बिनऔषधाचीच उठली, पहिल्या एष्टीनं वाडीला परत आली आणि छपराला नवं गवत घातलं. तिथं परत जायचं नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं.

मग तिनं शेरडं पाळली. जंगलाच्या कडेला शेळ्या राखायच्या म्हणजे वाघराशी भांडण. वाघरू म्हणजे बिबळ्या, आमच्याकडं तसंच म्हणतात. पण तिच्याकडं वाघी होती. तांबूस रंगाची, हाडानं रुंद, कुणालाच भीक न घालणारी कुत्री. एकदा दिवसाउजेडी वाघरानं शेरडाचा पाय धरला, तर हिनं वाघराची शेपटी धरली. ओढाओढीत शेरडू सुटलं आणि वाघीचा अर्धा कान गेला. पुढं कुणी तिला बुटकानी म्हटलं की बयाबाई म्हणायची, "तुमचं दोन्ही कान शाबूत हायती, पर कवा कुणाचं शेरडू सोडवलंय का?"

दर वर्षी गुंडू यायचा आणि म्हणायचा, "ताई, शेरडं इकून टाक. चल माज्यासंगं." ती म्हणायची, "वाघी हाय तवर मी हितंच हाय. ती गेली की बग."

आणि वाघीला ढास लागली.

पावसाळा निम्मा झाला होता. आधी चार पावलं पळाली की खोकायची, मग बसल्या जागी खोकायला लागली. खोकताना मान पुढं काढून असा आवाज करायची की घशात काही अडकलंय. वाडीत प्रत्येकाजवळ उपाय होता. कुणी म्हणालं हाडूक अडकलंय, कुणी म्हणालं दमा, आमच्या बाळासोची आई म्हणाली दृष्ट. हळद-गूळ झाला, अडुळसा झाला. वाघीनं सगळं मुकाट्यानं गिळलं. पोट मात्र तटतटून फुगत गेलं आणि बरगड्या वर आल्या.

बयाबाईला काही उमगत नव्हतं. कारण कुत्रं ठेवावं तर तिनं. रोज दिवेलागणीच्या आधी वाघीला आणि वाघीच्या पोराला, टिक्क्याला, मांडीवर घ्यायची. कानामागं, बोटांच्या बेचक्यात हात घालून एकेक गोचीड उपटायची आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायची. चट्‌ आवाज व्हायचा. मग अंगाला करंजाचं तेल. मला म्हणायची, "भाऊजी, एक गोचीड दावा, जेवायला घालतो." आमच्याकडच्या बाया 'आलो, गेलो' असंच बोलतात, त्याचं नवल नको. डास मात्र तिनं कधी मोजलेच नाहीत. आम्हीही नाही. धरणाकाठी डास म्हणजे हवाच. हवा कोण मोजतो?

त्या वेळी मी दूध संस्थेत माप घालायचो. जनावरं तपासायला त्र्यंबक डॉक्टर फटफटीवरून यायचा. कोल्हापूरचा, नवा, बोलायला हळू. ओढ्यात त्याची फटफटी रुतली की तिचं चिखलानं माखलेलं बूड धरून आम्हीच ढकलायचो, त्यामुळं ओळख पक्की. त्याला मी वाघीचं सांगितलं. तो म्हणाला, "दोन्ही कुत्री तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन या. रक्त बघायला लागेल."

गेलो. वाघी चालेना, तिला मी खांद्यावर घेतली. कुत्रं खांद्यावर घेतलेला माणूस बघून एष्टीवाल्यानं गाडीच थांबवली नाही, मग सगळी वाट पायीच. डॉक्टरनं वाघीच्या शाबूत कानाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला आणि दुर्बिणीखाली धरला. बराच वेळ तो डोळा वर काढेना. मग मला म्हणाला, बघा. मी बघितलं. मग बयाबाईनं बघितलं.

"ह्यात तर वळवळतंय की," ती म्हणाली.

"ही पिल्लं. मोठे जंत काळजात आहेत. वीत-वीत लांब, शेवयांसारखे. काळजात गुंता झालाय, म्हणून खोकला, म्हणून पोटात पाणी."

शेवयांची खीर त्या वर्षी मी तोंडात घातली नाही.

"पर माज्या कुत्र्यावर गोचीड न्हाय," बयाबाई म्हणाली. "बगा, केस इस्कटून बगा."

"गोचिडं काढता ते चांगलंच आहे, त्यांच्यानंही ताप येतात. पण हे डासाचं आहे. डास एका कुत्र्याच्या रक्तातनं ही पिल्लं उचलतो आणि दुसऱ्यात सोडतो."

"मग हिला औषध द्या."

डॉक्टरनं वाघीच्या पोटावर हात ठेवला. "मोठे जंत मारायचं औषध आहे, पण फार जालीम असतं. हिच्या अंगात आता तेवढी ताकद नाही." मग त्यानं टिक्क्याचं रक्त बघितलं. ते स्वच्छ निघालं. त्यानं कपाटातनं एक पुडी काढली. माणसांना हत्तीरोगावर देतात त्या गोळ्या. "ह्याला रोज एक. पावसाळाभर आणि पुढंही दोन महिने. हिला नको. फक्त ह्यालाच."

तेवढ्यात बाहेरून एक माणूस ओरडत आला, म्हैस अडलीय म्हणून. डॉक्टर बॅग घेऊन पळाला. आम्ही पुडी घेऊन निघालो.

ओढ्याशी बयाबाई थांबली. मग म्हणाली, "भाऊजी, दुखणं कुणाला हाय?"

"वाघीला."

"आणि गोळ्या कुणाला?"

"टिक्क्याला."

"म्हंजे मुरगूडची रीत हितं बी आली म्हणायची."

"वैनी, डॉक्टर शिकल्याला माणूस हाय."

"त्येनं एवढंच बगितलं, म्हातारी हाय, मादी हाय, आता हिच्यापायी कशाला गोळ्या नासायच्या. धडधाकटाला औषध घालत्यात कुटं? उपाशी सोडून जेवल्याला वाडण्यासारकं हाय ह्ये." वाघी माझ्या खांद्यावर धापत होती. तिचं काळीज माझ्या मानेशी धडधडत होतं, लयीत नव्हतं.

मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, रात्रीत निवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात बांध घालत होतो. वरनं हाक आली. "भाऊजी, वाघी बगा की, कशी करायला लागलीया."

मी वर गेलो. वाघी ओकली होती. तोंडातनं लाळ गळत होती, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या. उठायची, मागचे पाय बसायचे, परत उठायची. तशीच फरफटत ती शेरडांच्या खोपटाच्या दाराशी गेली आणि उंबऱ्यावर आडवी झाली. रोज रात्री ती तिथंच निजायची. बयाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. शेरडं आतच राहिली, कारण दारात वाघी. सोडायची वेळ टळून गेली, ती ओरडत होती, दारावर शिंगं आपटत होती. मी म्हणालो, हिला जरा बाजूला घेऊ. बयाबाई म्हणाली, "हलवू नका."

वाघीनं मान टाकली तेव्हा पुडी चुलीजवळ उघडी पडलेली मला दिसली.

"एकच दिली," बयाबाई म्हणाली. "भाकरीत घालून. खाल्ली आणि शेपूट हलवलं तिनं."

करंजाखाली खड्डा मी खणला. माती तिनं लोटली. पुडी तिनं ओढ्यात फेकली.

पुढच्या खेपेला त्र्यंबक डॉक्टर आला तेव्हा ती दूध संस्थेच्या दारात येऊन उभी राहिली. झालं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. डॉक्टर खाली बसला. म्हणाला, "तिच्या रक्तात पिल्लं गच्च होती. ह्या गोळीनं ती एकदम मरतात आणि ते अंगाला सोसत नाही, म्हणून नको म्हणालो होतो. ही गोळी बरं करायची नाहीच. ज्याला झालेलं नाही त्याला होऊ नये म्हणून असते. देवीची लस टोचतात तशी."

बयाबाईनं चोळीची बाही वर सरकवली. दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीची खूण होती, रुपयाएवढी. ती डॉक्टरला दाखवली.

"ह्ये आमाला ठावं हाय की. त्या दिशी एवढंच बोलला असतासा तर?"

डॉक्टर उठून बाहेर गेला. फटफटीच्या डब्यातनं त्यानं नवी पुडी काढली. ती तिनं न बघता पदराला बांधली.

तोवर मुरगूडला बातमी पोचली होती. गुंडूनं निरोप धाडला, बाजाराच्या दिवशी व्यापारी घेऊन येतो, तयारी कर. पुडी तशीच पदराला. मी रोज विचारायचो, दिली का? ती म्हणायची, "जिनं आई गेली तीच लेकराला घालू? हात हुईना, भाऊजी."

"न्हाय घातलीस तर त्येच्या बी काळजात शेवया हुतील."

"व्हय. ते बी कळतंय."

बाजाराच्या दिवशी सकाळी गुंडू आला. बरोबर हंबीरराव नावाचा शेरडांचा व्यापारी, हातात दोरांची चळत. गुंडू म्हणाला, "ताई, तूच म्हणायचीस, वाघी हाय तवर. आता काय ऱ्हायलं?"

तिनं पदराची गाठ सोडली. भाकरीचा तुकडा मोडला, त्यात गोळी दाबली आणि टिक्क्यापुढं धरली. टिक्क्यानं घास हवेतच झेलला. मग ती खोपटाच्या उंबऱ्यावर बसली, टिक्क्याला जवळ ओढलं आणि त्याच्या बरगडीवर हात ठेवला.

हंबीरराव म्हणाला, "शेरडं भायेर काडा की, बगू तरी."

"पावणं, जरा दमानं घ्या."

ऊन चढलं. शेरडं आत ओरडायला लागली. गुंडू दोनदा म्हणाला, सोड त्यांना. तिनं हात उचलला नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती कुत्र्याकडं बघतच नव्हती, समोर करंजाकडं बघत होती, आणि हाताखालचे ठोके ऐकत होती. हंबीररावानं बिड्या ओढल्या, दोर परत गुंडाळले, परत सोडले. मला म्हणाला, "ह्या बाईला काय झालंय?" मी म्हणालो, "औषध दिलंय." तो म्हणाला, "कुणाला? बाईला का कुत्र्याला?" एरवी हसलो असतो.

माथ्यावर ऊन आलं तेव्हा टिक्क्या कंटाळला. तिच्या हाताखालून निसटला, अंग झाडलं, आणि हंबीररावाच्या दोराकडं बघून दात काढून भुंकला. हंबीरराव चार पावलं मागं सरला.

बयाबाई उठली. दार काढलं. शेरडं धावत सुटली, टिक्क्या त्यांच्या मागं.

"गुंडा, भाकरी खाऊन जा," ती म्हणाली. "पावण्याला बी वाड."

त्यानंतर गुंडूनं तिला न्यायचं नाव काढलं नाही. गोष्ट इथं गोड झाली असं मात्र समजू नका. टिक्क्या वाघीसारखा नव्हता. त्या हिवाळ्यात वाघरानं दोन शेरडं नेली. डॉक्टर म्हणाला होता, वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांचं रक्त बघू, नाहीतर डासांना पुरवठा चालूच राहणार. बयाबाई घरोघर गेली. लोक तोंडावर म्हणाले, "आजारी न्हाई त्येला औषध घालायला आमी काय येडं हाय?" आणि मागनं म्हणाले, "हिनं स्वतःची मारली, आता आमची मारायला निघाली." मग एकेक करून ती कुत्री खोकायला लागली. आमचंही खोकलं. त्याचा खड्डाही मीच खणला.

टिक्क्या मात्र तोंड पांढरं होईस्तवर जगला. दर वर्षी पावसाच्या तोंडाला बयाबाई त्याला चालवत तालुक्याला न्यायची, आधी कानाचं रक्त दाखवायची, मग पुडी आणायची. आणि पहिली गोळी ज्या दिवशी द्यायची त्या दिवशी शेरडं उशिरा सुटायची. मी खाली शेतात असलो की ऐकायचो. आत शेरडं ओरडत असायची, शिंगं दारावर वाजत असायची. मला कळायचं, ती उंबऱ्यावर बसलीय, तिचा हात त्याच्या बरगडीवर आहे. मग मी काम थांबवून बांधावर बसायचो, दार काढल्याचा आवाज येईपर्यंत.