आत्यानं ओवाळलेली गाडी

नवी गाडी सुरू झाली की आमच्या साताऱ्यात दोन गोष्टी लगेच होतात. ज्यांनी कित्येक वर्षांत रेल्वे स्टेशनाचं तोंड पाहिलेलं नाही, ते वेळापत्रकावर अधिकारवाणीनं बोलायला लागतात. आणि चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यावर गाडी आणणाऱ्या माणसांचे इतके फोटो असतात की एवढे जण डब्यात तरी मावतील का असा प्रश्न पडावा. मी पहिल्या जमातीतला. सातारा ते सांगली म्हणजे माझ्यासाठी कायम एसटी, कराडच्या स्टँडवर वडापाव आणि पुढं झोप. पण नव्या गाडीच्या गुबगुबीत खुर्च्यांचे फोटो मोबाईलवर आले, ब्लॉगलाही बरेच दिवस काही खाद्य नव्हतं, म्हणून जायचं ठरवलं.

खरं कारण आणखी एक होतं. कराड आणि सांगलीच्या मधल्या एका लहान स्टेशनाला लागून माझी आत्या राहते. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जेवायला जायचंय. आत्याची मुलगी सुरेखा सांगलीत एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. पहाटेच्या पॅसेंजरनं जायची, संध्याकाळी यायची, असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग नव्या गाडीला वाट मोकळी हवी म्हणून पॅसेंजर उशिरावर ढकलली आणि सुरेखाची सकाळची ड्युटी बोंबलली. गावात पहिली एसटी येते तोवर दवाखान्यात डॉक्टरांचा राऊंड उरकलेला असतो. मेट्रननं तिला सांगून टाकलं होतं की वेळेवर या, नाहीतर सांगलीत खोली घ्या, नाहीतर घरी बसा. घरात मायलेकी दोघीच आणि एक म्हैस. सुरेखा सांगलीला गेली की आत्याशी बोलायला म्हैसच उरणार होती.

अशात आत्याचा फोन आला की सगळं मिटलं. उद्घाटनाच्या दिवशी नवी गाडी त्यांच्या गावात थांबली होती. मांडव होता, हलगी होती, फ्लेक्सवरचे साहेब स्वतः गाडीतून उतरून हार घालून घेऊन परत गाडीत बसले होते. आत्यानं इंजिनाला हळदकुंकू लावून ओवाळलं होतं. मी भीत भीत म्हणालो की ॲपवर तुमच्या गावाचं नाव दिसत नाही.

"ॲपला काय कळतंय?" आत्या म्हणाली. "मी ववाळलंय तिला. सरपंचानं नारळ फोडलाय. आता थांबल्याबिगर जाती कुठं?"

यावर हसण्याआधी आमच्याकडची रीत ऐका. गावाला एसटीची नवी फेरी मिळाली की पहिल्या दिवशी गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-टॉवेल देतात. त्यानंतर ती फेरी गावाची होते. मग ती चुकली तर लोक डेपोत जाऊन भांडतात, आणि वाटेत कुठंही उभं राहून हात केला तरी ती थांबते. ओवाळून घेतलेली गाडी न थांबता निघून जाते, हे आमच्या तीन पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळं मी पदवीधर माणूस रेल्वेचं वेळापत्रक बाजूला ठेवून आत्याच्या शब्दावर निघालो. उद्घाटनानंतरच्या पहिल्याच नेहमीच्या फेरीचं तिकीट काढलं, ते सांगलीचं, कारण तिच्या गावचं निघतच नव्हतं, आणि वाटेत उतरायचं पक्कं केलं.

साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही, हे बाहेरच्या वाचकांनी आधीच लक्षात ठेवावं. ते गावाबाहेर आहे आणि पहाटे तिथवर न्यायला रिक्षावाला जे भाडं सांगतो, त्यात पॅसेंजरनं सांगलीला जाऊन परत येता येईल. शक्यतो मेव्हण्याची मोटारसायकल वापरा. मी तेच केलं, आणि मेव्हणा फलाटावर येऊन चहा पिऊन, गाडीबरोबर स्वतःचा फोटो काढूनच घरी गेला.

गाडी मात्र झकास आहे, उगाच खोटं कशाला बोलू. खुर्ची मागं रेलते, दार आपोआप उघडतं, गारवा इतका की कराड यायच्या आत कानटोपी आठवते. नाश्त्याला खोक्यात उपमा मिळतो. तो बघायला छान आहे. खिडक्या मोठ्या आणि काळपट काचेच्या, त्या उघडत नाहीत. रहिमतपूरच्या बाजूचा ऊस, हळदीचे पट्टे, शेताच्या बांधावरून पळणारी कुत्री, सगळं टीव्हीवर आवाज बंद करून बघावं तसं दिसतं.

शेजारी एक तरुण व्हिडिओवाला होता. साताऱ्यापासून तो फोनला सांगत होता, "मित्रांनो, हा आपला नवा महाराष्ट्र." संडाससुद्धा त्यानं मित्रांना दाखवला. कराड गेल्यावर मी पिशवी खांद्याला लावून उठलो, तेव्हा त्यानं विचारलं की आता मधे कुठं. मी ऐटीत आत्याच्या गावाचं नाव सांगितलं. तिकीट तपासणारे टीसी तिथूनच चालले होते. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला चंद्रावर उतरायचंय असं मी म्हणालो होतो. तिथं थांबा नाही, ते म्हणाले. परवा थांबली होती, मी म्हणालो. परवा पाहुणे होते, आज प्रवासी आहेत, असं म्हणून ते पुढच्या डब्यात गेले.

तेवढ्यात गाव आलं. आलं म्हणजे गेलंच. पण जेवढं दिसलं तेवढं मला नीट आठवतंय. सुटायचा राहिलेला मांडव, त्यावर साहेबांचा हसरा फ्लेक्स, "थांबा मिळवून दिल्याबद्दल समस्त ग्रामस्थांच्या वतीनं आभार". खाली पांढऱ्या ड्रेसमध्ये डबा घेऊन उभी असलेली सुरेखा. आणि फलाटाच्या पार कडेला माझी आत्या, एसटीला करतात तसा उजवा हात आडवा धरून. मी काचेवर थापा मारल्या. बाहेर काही ऐकू जाणार नव्हतं हे मला कळत होतं, तरी मारल्या.

व्हिडिओवाल्याचा फोन बरोबर त्याच बाजूला होता. "बघा मित्रांनो, गावाकडची माणसं आपल्या गाडीला कशी टाटा करतायत," तो म्हणाला आणि त्यानंही हात हलवला. मग सगळ्या डब्यानं हलवला. एका बाईंनी तर फ्लाइंग किसही दिला. मला इतका राग आला होता की खोक्यातला उपमा तसाच ठेवून दिला.

सांगलीत उतरलो आणि सुरेखाला फोन लावला. ती म्हणाली, "दादा, मी कालच मेट्रनबाईंना सांगितलंवतं, आमच्याकडं नवी गाडी थांबती म्हणून. पुढच्या महिन्याच्या सगळ्या सकाळच्या ड्युट्या घेतल्या होत्या." मी फोन ठेवला. स्टेशनाबाहेर चहा घेतला, बाजारात जाऊन आत्यासाठी भडंगाचा पुडा घेतला. सांगलीचं भडंग खाताना माणूस कितीही दुःखी असला तरी हात थांबत नाही, हे मी स्वतःवर तपासून पाहिलंय. पुडा अर्धा झाला तेव्हा पॅसेंजर लागली.

पॅसेंजरबद्दल लिहायचं तर ती जेवढी चालते त्यापेक्षा उभीच जास्त असते. मधल्या एका स्टेशनात बाजूच्या रुळावर घालून आम्हाला ठेवून दिलं. डब्यात लसणाच्या पोत्यावर बसलेले एक काका होते. ते शांतपणे म्हणाले की मागनं मोठी गाडी येतीय, तिला जाऊ द्यायचं. गेली, पण तिच्यानंतर अजून एक येणार होती म्हणून आम्ही तिथंच. "आपण काय, घरचीच माणसं," काका म्हणाले. "पाव्हण्याला आदी वाडायचं." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला जास्त झोंबलं.

आत्याच्या घरी पोचलो तर म्हशीची धार निघाली होती आणि आत्या भाकरी थापत होती. दुपारी गावातली मंडळी साहेबांच्या कार्यालयात जाऊन आली होती. तिथं त्यांना चहा मिळाला आणि कळलं की उद्घाटनाच्या दिवशी गाडी थांबते ती सत्कारापुरती, त्याला थांबा म्हणत नाहीत. साहेबांचा माणूस उलट यांच्यावरच वैतागला की एवढंही कळत नाही का. सरपंच म्हणाले की फ्लेक्स तुमीच छापून पाठवलाता. त्यावर त्यानं आणखी एक चहा मागवला.

जेवताना सुरेखानं सांगून टाकलं. दवाखान्याजवळ दोघी नर्सांनी खोली घेतलीय, त्यांना तिसरी हवीय, एक तारखेपासून ती जाणार. नोकरी सोडायची नाही, एवढं तिनं ठासून सांगितलं. आत्या तिच्या ताटात वांग्याची भाजी वाढत राहिली. "सोडू नगंस," एवढंच म्हणाली. मी दोघींकडं बघायचं टाळलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि भाजी काही तेवढी तिखट नव्हती.

सकाळी जाग आली ती आत्याच्या चपलांच्या आवाजानं. ती फलाटाकडं निघाली होती. सुरेखा त्या दिवशी घरीच झोपली होती. मी मागोमाग गेलो. गाडी लांबून दिसली तशी आत्यानं पदर खोचला, कडेला गेली आणि उजवा हात आडवा धरला. गाडी धूळ उडवत निघून गेली. काचांमागं दोनचार हात हलले.

मी म्हणालो, "आत्या, तुला कळलंय ना ती थांबत न्हाई म्हणून?"

"कळलंय की."

"मग?"

"मी हात करायची सोडणार न्हाई." तिनं पदर सोडला. "ववाळून घेतलंय तिनं माझ्याकडनं. कवातरी लाजंल."

मी साताऱ्याला परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. सुरेखा खोलीवर राहते, सुट्टीला उशिरा पोचणाऱ्या पॅसेंजरनं घरी येते आणि लवकर निघते. गावात फ्लेक्स बदललाय. साहेबांचा फोटो तोच आहे, मजकूर तेवढा "थांब्यासाठी पाठपुरावा सुरू" असा झालाय. व्हिडिओवाल्याचा व्हिडिओही माझ्याकडं तीन ग्रुपांतून फिरत आला. खाली लोकांनी बदाम टाकलेत, "किती निर्मळ माणसं" असं लिहिलंय. मीही लिहिलं की ती माझी आत्या आहे. मला चार बदाम मिळाले.

तुमच्यापैकी बरेच जण विचारताय की नव्या गाडीनं सांगलीला जावं का. जावं. वेळ वाचतो, पाठ दुखत नाही, उपमा घेऊ नये. बसायला डावीकडची खिडकी घ्या. कराड सोडल्यावर थोड्या वेळानं एक लहान स्टेशन झर्रकन मागं जाईल, तिथं फलाटाच्या कडेला हात आडवा धरून उभी असलेली एक म्हातारी दिसेल. तिला हात हलवू नका. ती टाटा करत नाहीये, गाडी थांबवतीये.